मोटरचं वाइंडिंग मोजणारी साबणदाणी: घरगुती मिलिओहम मीटरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या उन्हाळ्यात बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात मामांच्या बोअरची मोटर वर काढली, तेव्हा मी एक साबणदाणी घेऊन गेलो होतो. आत साबण नव्हता. अगदी लहान रोध, म्हणजे ओहमचा हजारावा भाग (मिलिओहम) मोजणारं एक छोटं सर्किट होतं आणि बाहेर लाल-काळ्या चार वायरी लोंबत होत्या. तिथं जमलेल्या मंडळींनी जे विचारलं, तेच पुढं निपाणीहून, चिकोडीहून, बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या पोरांकडून फोनवर येत राहिलं. रोज तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो.

घरात मल्टीमीटर आहे, ओहम त्याच्यावरही दिसतात. मग हा खटाटोप कशाला?

शंभर ओहम, दहा हजार ओहम मोजायचे असतील तर काही गरज नाही, मल्टीमीटरच वापरा. अडचण येते ती एक-दोन ओहमच्या खाली. तुमचा पिवळा डीटी८३०डी मल्टीमीटर घ्या, २०० ओहमच्या रेंजवर ठेवा आणि दोन्ही टोकं एकमेकांना टेकवा. शून्य यायला हवं, पण ०.४, ०.६ असं काहीतरी दिसेल. हा रोध (रेझिस्टन्स) मीटरच्या वायरींचा, पिनांचा आणि आतल्या फिरत्या चकतीचा. शिवाय त्या रेंजवर सगळ्यात लहान पायरीच ०.१ ओहमची. आता अर्ध्या ओहमचं वाइंडिंग, म्हणजे मोटरमधलं तांब्याच्या तारेचं गुंडाळं, असं मोजणं म्हणजे चिमूटभर केशर पोत्यात घालून तोलण्यासारखं आहे. काटा खोटं बोलत नाही, तो पोत्यासकट वजन सांगतो एवढंच.

मग टोकं टेकवून येणारा आकडा वजा केला तर?

मीही कितीतरी वर्षं तेच करत होतो. पण तो आकडा स्थिर नसतो. टोक जरा दाबून धरलं की कमी, सैल धरलं की जास्त, तांब्यावर वार्निशचा अंश राहिला तर आणखी जास्त. जे वजा करायचं तेच हलतंय म्हटल्यावर उरलेल्या बाकीवर काय भरवसा ठेवणार?

चार वायरींनी नेमकं काय साधतं?

दोन वायरींतून ठराविक करंट पाठवायचा आणि वेगळ्या दोन वायरींनी फक्त व्होल्टेज बघायचं. करंटच्या वायरींत, क्लिपांत, गंजलेल्या टोकांत काय व्होल्टेज पडायचं ते पडू दे, ते आपल्या मोजणीत येतच नाही. व्होल्टेजच्या वायरींना स्वतःचा रोध असतोच, पण त्यातून करंट जवळजवळ वाहतच नाही. डीटी८३०डीचा आतला रोध व्होल्टेजच्या रेंजवर दहा लाख ओहम असतो. २०० मिलिव्होल्टला त्यातून मायक्रोअँपिअरचा पाचवा हिस्सा जातो. अर्ध्या ओहमच्या वायरीत त्यानं पडणारं व्होल्टेज विसरून जावं इतकं.

या पद्धतीला केल्विन जोडणी म्हणतात. ज्यांच्या नावानं तापमानाचं एकक आहे ते हेच लॉर्ड केल्विन, म्हणजे विल्यम थॉमसन. बाकी हिशेब ओहमच्या १८२७ सालच्या नियमाचाच: व्होल्टेजला करंटनं भागा, रोध मिळाला. आणि करंट बरोबर १०० मिलिअँपिअर ठेवला तर भागाकारही नको. १०० मिलिव्होल्ट दिसले की एक ओहम, १६.२ दिसले की ०.१६२ ओहम.

सामान काय लागतं, आणि खर्च किती?

एलएम३१७ हा तीन पायांचा रेग्युलेटर एक, १५ ओहमचा अर्ध्या वॉटचा रेझिस्टर एक, ४७ ओहमचा एक, १०० ओहमचा प्रीसेट, म्हणजे फिरवून रोध कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर (जास्त फेऱ्यांचा मिळाला तर उत्तम), १एन४००७ डायोड एक, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एक स्विच, क्रोकोडाइल क्लिपा चार, थोडी वायर आणि व्हेरोबोर्डचा (सोल्डरिंगच्या भोकाभोकांच्या बोर्डाचा) तुकडा. सेटिंगसाठी १ ओहम, १ टक्कावाला मेटल फिल्म रेझिस्टर. वीज जुन्या मोबाइलच्या ५ व्होल्टच्या चार्जरवर. मल्टीमीटर तुमच्याकडं आहे असं धरलं तर दोनशे रुपयांच्या आसपास काम होतं, आणि त्यात महाग पडतात त्या चांगल्या क्लिपाच. त्यात काटकसर करू नका.

दुकानात मागताना एक लक्षात ठेवा. आपल्याकडं त्या वस्तूलाही 'रजिस्टन्स'च म्हणतात. 'पंधरा ओहमचा रजिस्टन्स द्या' म्हटलं की काउंटरवरून कन्नडमध्ये 'एष्ट वॉट बेकु?' (किती वॉटचा हवा?) असा उलटा प्रश्न येतो. 'हाफ वॉट' सांगायचं. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडतं, बाकीच्यांनी बेळगावात एक चक्कर मारली तर यातलं बहुतेक सगळं एका फेरीत मिळतं.

जोडणी कशी करायची?

एलएम३१७ चं नाव आपल्याकडं तोंड करून आणि पाय खाली धरून उभं केलं की डावीकडून पहिला पाय ॲडजस्ट, मधला आउट, तिसरा इन. चार्जरचा प्लस स्विचमधून इनला. इन आणि मायनस यांच्यामध्ये ०.१ चा कपॅसिटर. आउट आणि ॲडजस्ट यांच्यामध्ये १५ ओहम. त्याच दोन पायांवर, १५ ओहमला समांतर, ४७ ओहम आणि प्रीसेट एकामागं एक. ॲडजस्टच्या पायावरूनच बाहेर जाणारी लाल वायर निघते, आउटवरून नाही. इथं सगळ्यात जास्त चुका होतात. काळी वायर थेट चार्जरच्या मायनसला. या दोन करंटच्या; उरलेल्या लाल-काळ्या दोन व्होल्टेजच्या, त्या मल्टीमीटरला. डायोड लाल-काळ्या टोकांवर उलटा: पट्टीची बाजू लालकडं.

हा रेग्युलेटर आउट आणि ॲडजस्ट यांच्यात कायम १.२५ व्होल्टच्या आसपास राखतो, हीच सगळी गंमत. तिथं १२.५ ओहम ठेवले की १०० मिलिअँपिअर वाहणार, पुढं काहीही जोडा.

थेट १२ ओहमचा रेझिस्टर लावला तर? हे समांतरचं लचांड कशाला?

१२ लावला तर १०४ मिलिअँपिअरच्या आसपास येतील आणि प्रत्येक आकड्याला भागत बसावं लागेल. शिवाय १.२५ हा आकडा प्रत्येक नगात थोडा वेगळा, १.२० ते १.३० मध्ये कुठंही असू शकतो. म्हणजे आपल्याला १२ ते १३ ओहममध्ये हवं ते जुळवता यायला हवं. वर दिलेल्या जोडणीत ते साधारण ११.४ पासून १३.६ पर्यंत हलतं. दुसरा फायदा मला नंतर कळला. स्वस्त प्रीसेटचा सरकता काटा कधीतरी संपर्क सोडतो. प्रीसेट एकटाच असता तर करंट तुटला असता. इथं १५ ओहम आहेच, करंट फक्त ८३ पर्यंत खाली येतो. आकडा अचानक सहाव्या हिश्शानं पडला तर प्रीसेट बघा.

सेटिंग कशानं करायचं?

१ ओहमच्या रेझिस्टरला चारही क्लिपा लावा, मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवा आणि प्रीसेट फिरवून १००.० आणा. मिलिअँपिअरच्या रेंजवर करंट मोजून सेट करू नका. सेटिंग ज्या रेंजवर केलं, मोजणीही त्याच रेंजवर करायची. म्हणजे मीटरची चूक दोन्हीकडं सारखीच पडते आणि कटून जाते. मात्र मीटर बदललं की सेटिंग पुन्हा.

१ ओहमचा १ टक्कावाला मिळाला नाही तर १० ओहमचे दहा घ्या आणि समांतर जोडा. एखादा थोडा जास्त, एखादा थोडा कमी, बहुधा एकमेकांना सांभाळून घेतात.

सगळं बरोबर जोडलंय, तरी टोक दाबलं की आकडा हलतोच. का?

तुमच्या व्होल्टेजच्या क्लिपा करंटच्या क्लिपांना पकडल्यात. मीही पहिल्या दिवशी हेच केलं होतं आणि दोन तास सर्किट शिव्या खात बसलं होतं. क्लिपेवर क्लिप लावली की जोडाचा रोध पुन्हा मोजणीत शिरतो. व्होल्टेजची क्लिप तांब्यालाच, आणि करंटच्या क्लिपेच्या आतल्या बाजूला, म्हणजे मोजायच्या वस्तूजवळ लावायची. करंटवाल्या बाहेर, व्होल्टवाल्या आत. तांबं आधी ब्लेडनं खरवडून लख्ख करा. वाइंडिंगच्या तारेवर वार्निश असतं आणि ते डोळ्याला तांब्यासारखंच दिसतं.

किती ते किती मोजता येतं?

२०० मिलिव्होल्टच्या रेंजवर दोन ओहमपर्यंत, एकेक मिलिओहमच्या पायरीनं. २००० च्या रेंजवर वीस ओहमच्या जरा खालपर्यंत, दहा मिलिओहमच्या पायरीनं. त्यापुढं ५ व्होल्टचा चार्जर कमी पडायला लागतो, आणि त्यापुढं साधं मल्टीमीटर आहेच. शेवटचा एखादा आकडा नाचत असेल तर दोष चार्जरचा. चार पेन्सिल सेलवर लावून बघा.

शेतात वीज कुठली? पॉवर बँक चालेल?

काही चालतात, काही नाही. बऱ्याच पॉवर बँका एवढा कमी करंट बघून 'काही जोडलेलंच नाही' असं समजतात आणि अर्ध्या मिनिटात बंद होतात. पेन्सिल सेल बरे. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावू नका, १०० मिलिअँपिअरला तिचा जीव लवकर जातो. १२ व्होल्टचा ॲडॅप्टर लावलात तर एलएम३१७ हात लावता येणार नाही इतका तापेल, त्याला ॲल्युमिनियमची पट्टी लावा. त्याचा धातूचा माथा आतून आउटलाच जोडलेला असतो, तो कुठं टेकू देऊ नका.

अर्डुइनोवर (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर) होईल का?

होईल, पण ज्यासाठी आपण हे बनवतोय त्यासाठी नुसता अर्डुइनो कच्चा आहे. अर्डुइनो ऊनो बोर्डाचा आतला मोजणारा भाग ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे एक पायरी जवळजवळ ५ मिलिव्होल्टची. आपल्या १०० मिलिअँपिअरला ती ५० मिलिओहम झाली. यापेक्षा दीडशे रुपयांचं मल्टीमीटर पन्नास पट बारीक बघतं. सोबत एडीएस१११५ हे १६ बिटचं मोड्यूल लावलंत तर गोष्ट वेगळी. त्याच्या सगळ्यात बारीक रेंजवर एक पायरी ७.८ मायक्रोव्होल्टची असते. कॉलेजच्या प्रोजेक्टला स्क्रीनवर आकडे हवेत म्हणून विचारत असाल तर हा मार्ग. एक हजार ओहमचा ठाऊक रेझिस्टर आणि अनोळखी रेझिस्टर मालिकेत लावून मधलं व्होल्टेज वाचायचं, हा जो सोपा प्रयोग सगळीकडं दिसतो, तो शंभर ओहमपासून काही हजारांपर्यंत छान चालतो. एक ओहम लावला तर स्क्रीनवर '१' येतो आणि तो १ खरा की चुकून आलेला, ते कळायला मार्ग नाही.

पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) लॅबमधला मीटर ब्रिज घरी बनवता येईल?

येईल. एक मीटर तार, पट्टी, गॅल्व्हानोमीटरच्या जागी मल्टीमीटर. शिकायला त्याच्यासारखं साधन नाही. त्यामागच्या व्हीटस्टन ब्रिजची मूळ कल्पना १८३३ सालची, सॅम्युएल हंटर ख्रिस्टीची. १८४३ मध्ये व्हीटस्टननं ती लोकांपुढं आणली आणि नाव त्याचंच राहिलं. पण खूप लहान रोधाला तिथंही तेच दुखणं: जोडांचा आणि पट्ट्यांचा रोध मध्ये येतो.

मोटरचं वाइंडिंग कसं बघायचं?

आधी स्टार्टरचा मेन बंद, फ्यूज काढून खिशात. मग मोटरच्या तीन वायरी सुट्या करून जोडीजोडीनं मोजा: यू-व्ही, व्ही-डब्ल्यू, डब्ल्यू-यू. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. कंपनीचा तक्ता नसला तरी चालतं, कारण एक फेज दुसऱ्या फेजची साक्ष देते. म्हणूनच तुमचा १ ओहमचा रेझिस्टर टक्काभर चुकीचा असला तरी बिघडत नाही; तिन्हींना तीच चूक.

मामांची मोटर चालू केली की दहा मिनिटांत स्टार्टरचा ओव्हरलोड पडून ती बंद होत होती. गावातल्या वाइंडिंगवाल्यांनी सिरीज बल्ब लावून बघितला, तिन्ही जोड्यांवर बल्ब सारखाच पेटला, म्हणून 'वाइंडिंग चांगलं आहे' असं सांगितलं. त्यांची चूक नव्हती. शंभर वॉटचा बल्ब पेटलेला असताना स्वतःच ५३० ओहमचा असतो. त्याच्या पुढं दशांश ओहमचा फरक कुठून दिसणार? मल्टीमीटरवर २.०, २.१, २.० आले. साबणदाणीवर आले १.५३, १.६२, १.५३.

हे आकडे जरा थांबून वाचा. एक जोडी वेगळी आणि दोन सारख्या, म्हणून वेगळी दिसणारी व्ही-डब्ल्यूच बिघडली असं तिथल्या सगळ्यांना वाटलं. उलट आहे. आत स्टार जोडणी असली, म्हणजे तिन्ही फेजचं एकेक टोक आत एकत्र जोडलेलं असलं, की प्रत्येक जोडीत दोन फेज येतात. कमी आलेल्या दोन जोड्या यू-व्ही आणि डब्ल्यू-यू. दोन्हींत समाईक काय? यू. चांगली फेज १.६२ ची निम्मी म्हणजे ०.८१, आणि यू उरली ०.७२. त्या फेजमधले काही वेढे आपापसात चिकटले होते. (आत डेल्टा असेल, म्हणजे तिन्ही फेज त्रिकोणात जोडलेल्या असतील, तर हिशेब बदलतो: तिथं बिघडलेल्या फेजची स्वतःचीच जोडी सगळ्यात जास्त पडते, बाकीच्या दोन थोड्या.)

मोटर खाली बोअरमध्ये असतानाच वरून मोजत असाल तर केबलही धरा. अडीच स्क्वेअरची (चौरस मिलिमीटरची) शंभर मीटर केबल म्हणजे एका कोअरला पाऊण ओहमच्या आसपास, जाऊन-येऊन दीड. तिन्ही जोड्यांत ती सारखीच मिळते, पण वाइंडिंगमधला फरक त्यात टक्क्यानं लहान दिसतो.

आकडा स्थिरावायला क्षणभर लागतो, वाइंडिंग म्हणजे शेवटी कॉइलच. आणि क्लिप काढायच्या आधी स्विच बंद करायचाच. उलटा डायोड त्यासाठीच लावलाय; चालू असताना क्लिप ओढलीत तर त्याचा उपयोग नाही, बोटाला झटका बसतो. लहान, पण दुसऱ्यांदा विसरणार नाही असा.

दोन-तीनच वेढे शॉर्ट असतील तर हेही सर्किट पकडू शकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

सिंगल फेज मोटर?

तीन वायरी निघतात: कॉमन, रनिंग, स्टार्टिंग. सगळ्यात मोठा आकडा ज्या जोडीत येतो, तिच्यात नसलेली वायर कॉमन. कॉमनपासून बहुतेक पंपांत रनिंगचा कमी आणि स्टार्टिंगचा जास्त येतो, आणि दोघांची बेरीज तो मोठा आकडा. कपॅसिटर आधी सोडवून डिस्चार्ज करा.

मग मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) घ्यायची गरज नाही ना?

आहे! हे दोन वेगळे आजार. वाइंडिंग बॉडीला लागलंय का, ओल शिरलीय का, ते बघायला मेगरचे ५०० व्होल्टच हवेत. आपलं सर्किट ५ व्होल्टवर चालतं, त्याला इन्सुलेशन कसं आहे ते कळत नाही. आकडे सुरेख आले म्हणून मोटर पाण्यात सोडू नका.

सकाळी आणि दुपारी वेगवेगळे आकडे आले. सर्किट बिघडलं?

तांबं तापलं. एका अंशाला जवळजवळ ०.४ टक्के रोध वाढतो. चालून गरम झालेली मोटर ४० अंशांनी तापली असेल तर आकडा १६ टक्के वर दिसेल. तिन्ही जोड्या एका दमात मोजा.

याचा आणखी काही उपयोग?

घरासाठी वायर घेताना. एक स्क्वेअरचं ९० मीटरचं बंडल असतं. दोन्ही टोकं सोलून, बंडल न उलगडता मोजा. चांगल्या तांब्याचं असेल तर १.६ ते १.७५ ओहम, उन्हात ठेवलेलं असेल तर जरा वर. दोनच्या पुढं गेलं तर मीटर कमी भरलेत म्हणायला जागा नाही, कारण लांबी कमी असती तर आकडा घटला असता. म्हणजे तार बारीक, नाहीतर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. नुसतं ॲल्युमिनियम तांब्याच्या १.६ पट रोध दाखवतं. दुकानदार ओळखीचा असेल तर हा प्रयोग घरी आणून करा.

मुलगी कन्नड माध्यमात आहे. मराठीत लिहिलेलं तिला कळेल?

रोध तिच्या पुस्तकातही रोधच आहे, विभवांतरही विभवांतरच. हे दोन शब्द सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच आहेत. बाकी सोल्डरिंगला भाषा लागत नाही.

त्या वाइंडिंगवाल्यांना राग नाही आला?

आला की. 'पुस्तकातलं नका सांगू ओ, मी तीस वर्षं मोटरी भरतोय,' म्हणाले. मग मोटर उघडली, यूच्या कॉइलवरचं वार्निश एका जागी काळंठिक्कर निघालं, आणि ते बराच वेळ काही बोलले नाहीत. निघताना हळूच विचारलं, 'ह्यो डबा कितीला पडतो?' त्यांना मी दुसरा बनवून दिला. महिन्याभरानं गेलो तर साबणदाणी गायब. वार्निशच्या हातांनी झाकण निसटायचं म्हणून त्यांनी सर्किट जुन्या स्टीलच्या टिफिनमध्ये बसवलं होतं. एलएम३१७ चा माथा पत्र्याला टेकेल म्हणून मी घाईनं झाकण उघडलं. आत चारही बाजूंना स्लॉटमध्ये घालायचा इन्सुलेशन पेपर मापात कापून, घड्या घालून लावलेला होता.